गवताची धावपट्टी आणि पुण्याची हवा

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची पक्की धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे. चार आसनांच्या सेसना १७२ ला एवढी जागा लागत नाही. या विमानाच्या अलीकडच्या मॉडेलची पुस्तिका सांगते की पूर्ण वजनासह, समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात आणि कोरड्या पक्क्या धावपट्टीवरून ते सुमारे ५०० मीटरमध्ये ५० फूट उंची गाठतं. मग पुण्याजवळच्या एखाद्या माळावर कुणी ७०० मीटरचा गवताचा पट्टा राखला, तर तो पुरेल का? एप्रिलच्या दुपारी नाही पुरणार. जुलैत तर त्याहून नाही.

आधी हवेचं बघू. लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटरवर, म्हणजे जवळपास १,९०० फुटांवर आहे. या उंचीला विमानशास्त्र ११ अंश हे प्रमाण तापमान धरतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की हवा त्यापेक्षा २९ अंशांनी जास्त तापलेली असते, म्हणून विरळ असते. वैमानिकांचा ढोबळ हिशेब असा, की प्रत्येक जादा अंशाला प्रत्यक्ष उंचीत १२० फूट मिळवायचे, म्हणजे हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ते कळतं. बेरीज जवळजवळ ५,४०० फुटांवर जाते. कळसूबाईची उंची नेमकी एवढीच आहे! विमान उभं असतं पुण्यात, पण त्याच्या इंजिनाला आणि पंखांना हवा मिळते ती कळसूबाईच्या माथ्यावरची. इंजिनाची ताकद घटते, नाकावरच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) जोर कमी पडतो आणि पंखांना तेवढीच उचल मिळवायला जास्त वेग लागतो. वेगदर्शक हवेचाच दाब मोजत असल्याने काटा नेहमीचाच आकडा दाखवतो. चाकं मात्र जमिनीवर आठ टक्के जास्त वेगाने धावत असतात.

ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने खासगी वैमानिकांसाठी काही गुणक दिले आहेत. त्यांचा गुणाकार करायचा असतो, बेरीज नाही, आणि खरी गोम इथेच आहे. पुण्याच्या उंचीसाठी १.२, एप्रिलच्या उन्हासाठी १.३, कोरड्या गवतासाठी १.२. ५०० मीटरचे होतात ९३६. त्यावर सुरक्षिततेचा १.३३ लावला की सुमारे १,२४५. पावसाळ्यात हवा थंड असते म्हणून बरं वाटतं, पण ओल्या गवताचा गुणक १.३ आणि मऊ जमिनीचा किमान १.२५ आहे. २५ अंशांना हाच हिशेब १,४८० मीटरच्या घरात जातो.

मऊ जमिनीचा प्रश्न आपल्याकडे जास्तच गंभीर आहे, कारण पुण्याच्या आसपास बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पावसात ती चाकाला चिकटते, चाकावरच्या आवरणात गच्च बसते. म्हणून गवतावर उतरणारी कित्येक विमानं ती आवरणं काढूनच ठेवतात. मे महिन्यात वरून गवत सपाट दिसतं आणि खाली पुढचं चाक अडकेल एवढी भेग असू शकते. त्यामुळे उड्डाणाआधी पट्टा पायी चालून बघायलाच हवा. उंदरांची बिळं, वारुळं, दगड, पाणी साचलेली जागा, सगळं पायाखालून गेलं पाहिजे.

एवढं करूनही हिशेब चुकू शकतो. त्यासाठी वैमानिकांचा एक सुंदर नियम आहे: पट्ट्याच्या मध्यावर खूण ठेवायची आणि तिथे पोचेपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल, तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा) मागे घेऊन ब्रेक लावायचे. निम्म्या अंतरात निम्मा वेग का चालत नाही? कारण विमानावरचा जोर साधारण सारखा राहिला तर अंतराच्या प्रमाणात वाढतो तो वेगाचा वर्ग. ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे जवळपास निम्मा. ५१ नॉटला (ताशी सुमारे ९४ किलोमीटर) जमीन सोडणाऱ्या सेसनाला मध्यावर ३६ नॉट हवेत. ३० असतील तर उरलेल्या अर्ध्यात ते उडणार नाही.

मऊ गवतावर पुढच्या चाकावरचा भार कमी करण्यासाठी कंट्रोल मागे ओढून धरतात. मग विमान कमी वेगातच जमीन सोडतं, कारण पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर जमीन जवळ असल्याने पंखांमागचे हवेचे भोवरे आवरले जातात आणि हवेचा अवरोध घटतो. सेसनाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटर आहेत. उडालो असं वाटतं, पण ती उचल उसनी असते. लगेच नाक वर केलं तर वर जाताच अवरोध वाढतो आणि विमान पुन्हा खाली बसतं, तेही पट्टा संपत आलेला असताना. म्हणून गवताला जवळजवळ घासत सरळ उडायचं, वेग येऊ द्यायचा आणि मगच चढायचं. समोर झाडं किंवा विजेच्या तारा असतील तर त्यासाठीची जागा आधीच हिशेबात धरलेली हवी.

उतरताना वेगाचा तोच वर्ग उलट्या बाजूने भिडतो. दहा टक्के वेग जास्त ठेवला तर ब्रेकना २१ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते, आणि ओल्या गवतावर चाकं घसरतात. ठरवलेल्या जागेपर्यंत चाकं टेकली नाहीत, तर पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जायचं, आणि हा निर्णय लवकर घ्यायचा.

सकाळी गारव्यात उतरलेल्या विमानाला दुपारी तोच पट्टा अपुरा पडू शकतो. वजन दहा टक्के वाढलं तर अंतर वीस टक्के वाढतं, म्हणून एक प्रवासी आणि त्याचं सामान खाली ठेवण्याचा फायदा मोठा असतो. नाहीतर दुसऱ्या दिवशीची पहाट. एप्रिलमध्ये २० अंशांना पुण्यातली हवा विमानाला ३,००० फुटांवरची वाटते, म्हणजे दुपारपेक्षा तब्बल २,४०० फूट कमी.