पेव्हरने डांबरी रस्ता सपाट कसा होतो?

गृहनिर्माण सोसायट्या आणि कारखान्यांच्या ग्राहकांसाठी

पेव्हर, म्हणजे डांबर-खडीचा गरम माल पसरवणारं यंत्र, रस्ता दाबून सपाट करतो असा अनेकांचा समज असतो. दाबण्याचं मुख्य काम रोलरचं आहे. पेव्हरच्या मागे जो जड, तापवलेला पोलादी भाग असतो त्याला स्क्रीड म्हणतात. तो मशीनला घट्ट बसवलेला नसतो. दोन्ही बाजूंच्या लांब आर्मनी तो ओढला जातो आणि गरम मालावर तरंगत येतो. म्हणूनच खालचा लहानसा उंचवटा वर जसाच्या तसा उमटत नाही. सगळी सफाई या तरंगण्यात आहे, आणि ते बिघडतं बहुधा माल आणि वेग यांच्या चढउतारामुळे.

डंपर पुढच्या हॉपरमध्ये माल ओततो, कन्व्हेयर तो मागे नेतो, ऑगरचे फिरते स्क्रू तो रुंदीभर पसरवतात. स्क्रीडपुढचा माल निम्मा ऑगर बुडेल इतका आणि सतत सारखा हवा. वाढला की स्क्रीड वर चढतो, कमी पडला की खाली उतरतो. पेव्हर बराच वेळ थांबला तर स्क्रीड जागीच रुततो, पुढचा माल थंड होतो आणि तिथे जो आडवा उंचसखलपणा राहतो तो रोलर कितीही फिरवला तरी पुरता जात नाही. त्यामुळे मिनिटाला ३-४ मीटरच्या संथ चालीने, पण न थांबता काम करायचं. नगर रस्त्याच्या गर्दीत डंपर अडकतात, म्हणून दोन-तीन भरलेले डंपर साइटवर आल्याशिवाय आम्ही सुरुवात करत नाही. डंपरनेही पेव्हरला धडकायचं नसतं. त्याने थोडं अलीकडे थांबायचं. पेव्हर पुढे येऊन त्याला ढकलत नेतो.

जाडीचं हँडल फिरवलं की जाडी लगेच बदलत नाही. ती पूर्ण बदलायला आर्मच्या लांबीच्या सुमारे पाचपट अंतर जावं लागतं. ३ मीटरच्या आर्मला १५ मीटर. दर चार पावलांनी हँडल फिरवणारा ऑपरेटर रस्त्यावर लाटा काढतो. चांगला ऑपरेटर हँडलला फारसा हात लावत नाही.

दबून ४० मि.मी. थर हवा असेल तर सैल माल ४८ ते ५० मि.मी. पसरावा लागतो. इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा: जुन्या रस्त्यात २० मि.मी. खोल खड्डा असेल तर पेव्हर वरून सपाट करून देईल, पण तिथला थर जाड असल्याने रोलरखाली जास्त दबेल आणि ३-४ मि.मी.ची बशी पुन्हा दिसेल. पावसाचं पाणी नेमकं तिथेच साचतं. म्हणून खड्डे आधी वेगळे भरून, दाबून घ्यावेत. अंदाजपत्रकातली ही ओळ कृपया कापू नका.

१०० चौ.मी.वर ४० मि.मी. थराला सुमारे साडेनऊ टन माल लागतो. प्रत्येक डंपरची काट्याची पावती मागून पडताळा. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश सेल्सियस हवा आणि रोलिंग ९० अंशांच्या खाली जाण्याआधी संपायला हवं. ताडपत्री नसलेला डंपर परत पाठवा. वरची थंड साय स्क्रीडखाली आली की पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा फाटतो. स्क्रीड स्वतः थंड असला तरी तेच होतं, म्हणून सुरुवातीला तो तापवायला २०-३० मिनिटं जातात.

जुन्या डांबरावर टॅक कोट (नवा थर चिकटावा म्हणून फवारलेलं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर) चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो पुरतो. तो काळा पडल्याशिवाय, म्हणजे इमल्शनमधलं पाणी निघून गेल्याशिवाय, माल टाकत नाही.

आपल्याकडून एवढं हवं: आदल्या रात्री सगळ्या गाड्या बाहेर, चेंबरची झाकणं नव्या लेव्हलला उचललेली, आणि नळाची किंवा केबलची खोदाई आधीच उरकलेली. काम झाल्यावर पहिले काही दिवस, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात, गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग वळवू नका आणि दुचाकीच्या स्टँडखाली फळी ठेवा. डिझेल सांडलं तर लगेच माती टाकून टिपून घ्या. ते डांबर विरघळवतं.