अब्जाधीशांवरील संपत्ती कर

वर्षभराच्या कमाईकडे न बघता, माणसाजवळ साठलेल्या मालमत्तेतून कर्ज वजा करून जे उरते त्यावर दरवर्षी आकारायचा कर म्हणजे संपत्ती कर. भारतात तो १९५७ ते २०१५ या काळात होता. निदान अतिश्रीमंतांपुरता तो परत आणावा का, आणि आणला तर कशाकशावर, हा वाद २०२४ पासून पुन्हा तापला. मुंबईत तो जवळचा वाटतो, कारण ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांतले पुष्कळ जण इथेच राहतात. श्रीमंतांच्या याद्या काढणाऱ्या हुरुन संस्थेच्या २०२४ च्या जागतिक यादीत मुंबईत ९२ अब्जाधीश होते. बीजिंगला (९१) मागे टाकून शहर न्यूयॉर्क आणि लंडनच्या पाठोपाठ तिसरे आले. पुढच्या वर्षी आशियातला पहिला मान शांघायने घेतला.

मराठीत अब्ज म्हणजे शंभर कोटी. वर्तमानपत्रांतला ‘अब्जाधीश’ मात्र डॉलरचा, म्हणजे आठ हजार कोटी रुपयांच्या वरचा. रुपयांतला अब्जाधीश व्हायला वरळीत समुद्राकडे तोंड असलेला एखादा मोठा फ्लॅट पुरतो. दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबल्यामुळे चर्चा हमखास घसरते, आणि पार्ल्यात वडिलोपार्जित ब्लॉक सांभाळून बसलेला पेन्शनरही आपल्यावर गदा येणार म्हणून धास्तावतो.

स्वतंत्र भारतात मालमत्तेला हात घालणारा पहिला मोठा कायदा १९५३ चा. मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवरचे हे संपदा शुल्क आले तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये मंत्रिपद सोडणारे तेच. त्याच वर्षी केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी सरकारला अहवाल दिला. त्यांची कल्पना मोठी हुशार होती. प्राप्तिकर, भांडवली नफा, संपत्ती, खर्च आणि देणगी या पाचांचा हिशेब एकमेकांत असा गुंतवायचा की एका ठिकाणी लपवलेला पैसा दुसऱ्या ठिकाणी उघडा पडावा. त्याच्या बदल्यात प्राप्तिकराचा कमाल दर ४५ टक्क्यांच्या आसपास आणायचा. १९५७ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी संपत्ती कर आणि खर्च कर आणले, पुढच्या वर्षी देणगी कर आला; दर उतरवण्याची अट तेवढी बाजूला राहिली. १९७३-७४ मध्ये अधिभारासह, म्हणजे करावरच्या जादा करासह, प्राप्तिकराचा कमाल दर ९७.७५ टक्के होता. सौदा अर्धाच पाळला गेला, आणि या कराची पुढची बदनामी बरीचशी त्या अर्ध्या सौद्याची आहे. ब्रेबॉर्न स्टेडियमवर कायदेपंडित नानी पालखीवालांचे अर्थसंकल्पावरचे भाषण ऐकायला लोटणारी गर्दी हेच गाऱ्हाणे ऐकायला जात असे.

मग एकेक कर निघत गेला. संपदा शुल्क १९८५ मध्ये, देणगी कर १९९८ मध्ये. संपत्ती कर टिकला, पण आतून पोकळ होऊन. करसुधारणेसाठी नेमलेल्या राजा चेल्लय्या समितीच्या शिफारशींनंतर ‘उत्पादक’ मालमत्ता वगळण्यात आली: शेअर, रोखे, बँकेतल्या ठेवी. जाळ्यात उरले दुसरे घर, शहरातली रिकामी जमीन, दागिने, मोटारी, खासगी बोटी, विमाने आणि पन्नास हजारांवरची रोकड. दर सरसकट एक टक्का. मर्यादा आधी १५ लाख, २००९ पासून ३० लाख. एक घर कितीही किमतीचे असले तरी माफ. म्हणजे मलबार हिलवरचा बंगला सुटायचा, कंपनीतले हजारो कोटींचे शेअर सुटायचे, आणि पनवेलकडे घेऊन ठेवलेल्या प्लॉटसाठी व्हॅल्युअर शोधावा लागायचा. २०१३-१४ मध्ये या करातून साऱ्या देशात १,००८ कोटी रुपये जमले. वसुली खर्चिक आणि पदरात पडणार थोडे, असे सांगून अरुण जेटलींनी २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला आणि एक कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला. त्यातून सुमारे नऊ हजार कोटींची अपेक्षा होती.

या अदलाबदलीतल्या दोन गोष्टींकडे फारसे कुणी पाहिले नाही. अधिभार उत्पन्नावर असतो. जो मालक शेअर विकत नाही आणि लाभांशही बेताचाच घेतो, त्याची संपत्ती दुप्पट झाली तरी अधिभाराला त्याचा पत्ता लागत नाही. दुसरे म्हणजे अधिभार राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही. मुंबईच्या श्रीमंतांकडून जमलेल्या या पैशात महाराष्ट्राला वाटा नाही.

ताजा वाद दोन बाजूंनी आला. ब्राझीलच्या अध्यक्षतेखालील जी-२० राष्ट्रगटासाठी फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ गॅब्रिएल झुकमन यांनी जगातल्या सुमारे तीन हजार अब्जाधीशांवर किमान दोन टक्के कर सुचवला. अंदाज वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलरचा. भारतापुरते बोलायचे तर, २०२२-२३ मध्ये देशातली ४०.१ टक्के संपत्ती वरच्या एक टक्क्याकडे होती, असा हिशेब मार्च २०२४ मध्ये विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनिक्वालिटी लॅब या संस्थेने मांडला. तिच्या अभ्यासकांनी मे महिन्यात दहा कोटींवरच्या संपत्तीवर दोन टक्के वार्षिक कर आणि तेवढ्याच मर्यादेवरच्या वारशावर ३३ टक्के कर सुचवला. मध्यंतरी काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांच्या वारसा कराबद्दलच्या उद्गारांवरून लोकसभेच्या प्रचारात धुरळा उडाला. त्यात मूळ प्रश्न हरवला.

विरोधकांचा पहिला मुद्दा, पैसेवाले दुबई गाठतील. तो पोकळ नाही. नॉर्वेने २०२२ मध्ये दर वाढवल्यावर काही धनिक स्वित्झर्लंडला गेले. गंमत अशी की स्वित्झर्लंडमध्येही संपत्ती कर आहे. दुसरा मुद्दा मूल्यांकनाचा, आणि खरी गाठ तिथे आहे. जर्मनीत १९९५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने जमिनींच्या जुनाट मूल्यांवर बोट ठेवले आणि १९९७ पासून तिथे हा कर वसूलच होत नाही. मुंबईत शेअर बाजारात नोंदलेल्या शेअरचा भाव दलाल स्ट्रीटवर दर सेकंदाला कळतो, ते डिमॅटमध्ये असतात. मोजायला याहून सोपे काही नाही. अवघड आहेत ते बाजारात नसलेल्या कंपन्यांचे शेअर आणि कौटुंबिक ट्रस्ट. जुन्या कायद्याने सोपे ते सोडले होते.

घटनेप्रमाणे शेतजमीन सोडून इतर मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर कर लावण्याचा अधिकार केंद्राचा. जमीन आणि इमारतींवरचा राज्याचा. त्यामुळे मुंबईत संपत्तीला खरोखर भिडतो तो महापालिकेचा मालमत्ता कर. २०१० पासून तो भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाच्या आधारे ठरतो, आणि २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतची घरे त्यातून मुक्त आहेत. वारशाच्या बाबतीत शहर उदार आहे. राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने द्यायचे, तर राज्याचे मुद्रांक शुल्क २०० रुपये. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, घेतले तर कोर्ट फी जास्तीत जास्त ७५,००० रुपये, मागे ठेवलेले पाच कोटी असोत की पाच हजार कोटी.

शहराच्या पैशातून खेड्यातल्या हाताला काम देण्याचा प्रयोग महाराष्ट्राने एकदा केला आहे. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या, वि. स. पागे यांच्या नावाशी जोडलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये नोकरी-धंदा करणाऱ्यांवर व्यवसाय कर आला. घटनेने त्याला कमाल मर्यादा घातली असून ती १९८८ पासून वर्षाला २,५०० रुपयांवर थांबली आहे. महिना दहा हजारांवर पगार असलेल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात (स्त्रियांना २५ हजारांपर्यंत सूट). कंपनीच्या संचालकालाही तेवढेच, वर्षाचे २,५००.