पाणसळीचा बुडबुडा आणि अटलांटिक

विमानाने अटलांटिक पहिल्यांदा कोणी ओलांडला, या प्रश्नाला हमखास लिंडबर्गचं नाव उत्तर म्हणून येतं. लिंडबर्गने 1927 साली न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर एकट्याने, न थांबता कापलं. उत्तर अटलांटिक त्याआधीच, 1919 मध्ये ओलांडला गेला होता. दक्षिण अटलांटिक ओलांडला 1922 मध्ये, पोर्तुगीज नौदलाच्या दोघांनी: वैमानिक सकादुरा काब्राल आणि दिशादर्शक गागो कुतिन्हो. कुतिन्हो तेव्हा 53 वर्षांचे होते. निदान पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या गोव्यात तरी हे नाव विसरलं जाऊ नये. शिवाय त्यांनी सोडवलेला प्रश्न, समुद्रावर उडताना आपण नेमके कुठे आहोत हे कसं काढायचं, फार सुंदर आहे.

जहाजावरचा अधिकारी सेक्स्टंटने सूर्य आणि क्षितिज यांच्यातला कोन मोजतो, घड्याळ बघतो आणि नाविक पंचांगावरून आपली जागा काढतो. कोनात एका कलेची (अंशाचा साठावा भाग) चूक झाली की नकाशावर 1.85 किलोमीटर चुकतात. विषुववृत्ताजवळ घड्याळ चार सेकंद मागेपुढे असलं तरी तेवढंच.

विमानात खोट येते ती क्षितिजात. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या वाळूवर उभं राहिलं तर क्षितिज डोळ्याच्या पातळीपासून जेमतेम दोन कला खाली असतं. 100 मीटर उंचीवरून ते साडेसतरा कला खाली दिसतं, 150 मीटरवरून साडेएकवीस. म्हणजे उंचीचा अंदाज पन्नास मीटरने चुकला की जागा सात किलोमीटर सरकली. उंचीमापक चालतो हवेच्या दाबावर. दाब एक मिलिबारने बदलला की तो आठेक मीटर चुकीचं सांगतो. त्यात एप्रिलसारखी धुरकट हवा असली तर क्षितिजच दिसत नाही.

कुतिन्हो यांनी क्षितिज सोडूनच दिलं. नेहमीच्या सेक्स्टंटला त्यांनी छोटी पाणसळ आणि आरसा जोडला. गवंडी भिंतीवर ठेवतो तीच पाणसळ, काचेच्या नळीत द्रव आणि एक बुडबुडा. आरशामुळे बुडबुडा आणि सूर्य एकाच वेळी डोळ्यासमोर येतात. दोन्ही जुळले की कोन वाचायचा; उंची कितीही असो.

पण बुडबुड्याला गुरुत्व आणि धक्का यांतला फरक कळत नाही. विमानाचा वेग सेकंदाला फक्त 0.1 मीटर प्रति सेकंद इतका वाढत असला, तरी बुडबुडा 35 कला कलतो, म्हणजे 65 किलोमीटरची चूक. त्यांच्या वेगाने उडताना नाक सहा सेकंदांत एक अंश वळलं तरी जवळजवळ तेवढीच. म्हणून विमान स्थिर धरणं हे काब्राल यांचं काम मोजमापाचाच भाग होतं, आणि एका वाचनावर न विसंबता अनेक वाचनांची सरासरी घ्यावी लागे. वाऱ्याने विमान किती बाजूला ढकललं जातंय हे समुद्रात धुराचे गोळे टाकून मोजत.

एका निरीक्षणातून बिंदू मिळत नाही, सूर्याच्या दिशेला काटकोनात असलेली रेषा मिळते. 18 एप्रिलला आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्द बेटांवरून निघालेलं विमान साधारण दक्षिण-नैर्ऋत्येला जात होतं. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला गेला की ही रेषा उत्तर-दक्षिण होते, म्हणजे जवळपास उड्डाणाच्या मार्गालाच समांतर, आणि आपण मार्गाच्या डावीकडे आहोत की उजवीकडे ते सरळ कळतं. सुमारे 1,700 किलोमीटरनंतर त्यांनी समुद्रातले सेंट पीटर-सेंट पॉल खडक गाठले. या खडकांची उंची वीस मीटरसुद्धा नाही!

तिथे लाटांवर उतरताना विमानाचा फ्लोट (पाण्यावर तरंगण्यासाठी खाली लावलेला भाग) तुटला आणि विमान बुडालं. दुसऱ्या विमानाचं इंजिन बंद पडलं. एका ब्रिटिश मालवाहू जहाजाने दोघांना उचललं. तिसऱ्या विमानाने 17 जूनला ते ब्राझीलमधल्या रिओला पोचले. प्रस्थानाचा मुहूर्त चुकला असं कोणी म्हणेल, पण उसळत्या समुद्राला नि इंजिनाला मुहूर्त कळत नाही. दोन विमानं गेली. दिशा मात्र चुकली नाही. लिस्बन ते रिओ 8,383 किलोमीटर, 62 तास 26 मिनिटं उड्डाण.

काब्राल 1924 मध्ये उत्तर समुद्रावर विमानासह बेपत्ता झाले. कुतिन्हो 1959 पर्यंत जगले, आणि त्यांच्या पद्धतीचा सेक्स्टंट हॅम्बुर्गच्या प्लाथ कंपनीने बनवला.

पणजीतून हाच हिशेब ध्रुवताऱ्यावर करून बघता येतो. कोनमापकाच्या मध्याला ओळंबा बांधा, सरळ कडेवरून तारा धरा, दोरा नव्वदच्या खुणेपासून किती सरकला ते वाचा आणि दहा वाचनांची सरासरी काढा. उत्तर 15.5 अंशांच्या, म्हणजे पणजीच्या अक्षांशाच्या, आसपास यायला हवं. तारा नेमका ध्रुवावर नसल्याने अर्ध्या अंशाहून थोडा जास्त फरक पडू शकतो. सूर्यावर हा प्रयोग करू नका, डोळे जातील. एक अंश जास्त आला तर तुम्ही विजयदुर्गाजवळ, एक अंश कमी आला तर गोकर्णाला.