तगर, अनंत आणि पिवळी पानं

"अनंत आणला, पण फुलाला वासच नाही." "अनंताची पानं पिवळी पडताहेत, खत घालून दमलो." या दोन तक्रारी इतक्यांदा ऐकल्यात की उत्तर एकदाचं लिहूनच टाकतो. पहिल्या तक्रारीतलं झाड बहुतेक वेळा अनंताचं नसतंच, ती दुहेरी तगर असते. दुसरीतलं झाड अनंताचंच असतं, पण वाढवलेलं असतं तगरीसारखं.

तगर तुम्हाला ठाऊक आहे. कशाही मातीत रुजते, हवी तशी छाटा, फुलायची थांबत नाही. घोळ घालते ती तिची दुहेरी जात: चुरगळल्यासारख्या पांढऱ्या पाकळ्यांचा गुच्छ, गर्द चकचकीत पानं. लांबून पाहणारा हमखास फसतो. त्यात इंग्रजी नावांनी कहर केलाय. तगर 'क्रेप जास्मिन' आणि अनंत 'केप जास्मिन'! जाई-मोगऱ्याशी दोघांचंही नातं नाही. तगर कण्हेरीच्या कुळातली, अनंत कॉफीच्या. आणि अनंत दक्षिण आफ्रिकेतल्या केपचाही नाही, तो चीन-जपानकडचा.

ओळखायला एक पान तोडा. देठातून दुधासारखा चीक आला की तगर. अनंताला चीक नसतो. झाड फुलावर असेल तर शिळं फूल बघा, अनंताचं फूल लोण्यासारखं पिवळट होत जातं. नुसत्या वासावर जाऊ नका, रात्री तगरीलाही मंद वास येतो.

आता मातीकडे वळू, कारण खरं फसायला होतं ते इथे. तगरीला मातीच्या सामूचं (पीएचचं, म्हणजे माती किती आम्ल की अल्कधर्मी याचं) फारसं काही वाटत नाही. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण ५ ते ६. तो ७च्या पुढे गेला की मातीतलं लोह अशा रूपात जातं की ते पाण्यात विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही. लोह मातीत भरपूर असतं, झाड मात्र उपाशी. म्हणून कुंडीत गंजके खिळे पुरणाऱ्यांची मला कीव येते. खिळ्याचा गंज म्हणजे तेच न विरघळणारं लोह!

लोहाची उपासमार ओळखायची खूण सोपी आहे. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, पानावर हिरवी जाळी काढल्यासारखी. तळाची चार जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर ते पानांचं वय झालंय, घाबरू नका. जुन्याच पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम कमी असण्याची शक्यता. एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, तेव्हा वापरायचं. पिवळं दिसलं की एप्सम, ही सवय सोडा.

मग माती आम्लधर्मी नसते कशामुळे? बऱ्याचदा आपल्याच हातांमुळे. चुलीतली राख, अंड्याची टरफलं, चुना, सगळं सामू वर नेणारं. मी स्वतः पहिल्या अनंताला मोठ्या प्रेमाने राख घातली होती, कारण तगरीला चालली होती. तगरीने ढेकरही दिली नाही. अनंताने तीन महिन्यांत जाळीदार पानं दाखवली.

त्याहून छुपा शत्रू म्हणजे जड पाणी. नवी कुंडी, नवी माती, काही महिने झाड झकास, आणि मग हळूहळू पिवळं. माती तीच असते, पण पाण्यातले क्षार रोज थोडे साठत जातात आणि सामू वर सरकतो. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं धरली असतील तर उत्तर तिथेच लिहिलेलं आहे. पावसाचं पाणी साठवून घाला, याच्याइतकं स्वस्त औषध नाही. सिमेंटच्या भिंतीला चिकटूनही अनंत लावू नका, चुना मातीत उतरतो.

तातडीचा उपाय हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळणारं लोह. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि संध्याकाळी पानांवर फवारा, उन्हात पानं करपतात. मातीत घालाल तर अल्कधर्मी मातीत तेही लवकरच अडकून बसतं. मातीत द्यायचंच तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं) घ्या, पण वेष्टन वाचून. ईडीटीए प्रकारचं सामू साडेसहाच्या वर गेला की कुचकामी ठरतं. ईडीडीएचए प्रकारचं ७च्या पुढेही टिकतं. कायमचा इलाज म्हणून थोडं गंधक मातीत मिसळा, पण त्याला महिने लागतात. उपाय लागू पडला का हे नव्या फुटव्यावर बघा. जुनं पान हिरवं होण्याची वाट पाहत बसू नका.

बाकी फरक किरकोळ. अनंताला सकाळचं ऊन पुरे, दुपारचं टाळा. माती ओलसर हवी, चिखल नको. एकदा कोरडी ठणठणीत आणि एकदा तुडुंब केलीत तर कळ्या गळतात, आणि कळ्या धरल्यावर कुंडी इकडून तिकडे हलवली तरीही गळतात. तगर केव्हाही छाटा. अनंत बहर ओसरल्यावर लगेच छाटा. उशीर केलात तर पुढच्या कळ्यांच्या काड्याच कात्रीखाली जातील.