पाइंट (बिअरचे माप)

पाइंट : ब्रिटनमध्ये ड्राफ्ट (म्हणजे नळातून ग्लासात ओतलेली) बिअर आणि सायडर (सफरचंदाची दारू) विकण्याचे कायदेशीर माप. एक इंपीरियल पाइंट म्हणजे गॅलनचा आठवा भाग, 568 मिलिलिटरांहून किंचित जास्त. तिथला बहुतेक माल मेट्रिक मापाने विकावा लागतो. ड्राफ्ट बिअर, सायडर आणि परत करायच्या बाटलीतले दूध हे त्याला जुने अपवाद.

एकेकाळी तिथे बिअरचा गॅलन 282 घनइंचांचा आणि वाइनचा 231 घनइंचांचा होता. 1824 च्या कायद्याने ही भानगड मिटवून 10 पौंड पाणी मावेल असा एकच इंपीरियल गॅलन ठरवला. अमेरिका तोवर स्वतंत्र झाली होती. तिने वाइनचाच गॅलन ठेवला, त्यामुळे तिथला पाइंट सुमारे 473 मिलि. एवढाच भरतो.

ब्रिटिश पबमध्ये ड्राफ्ट बिअर एकतृतीयांश पाइंट, दोनतृतीयांश पाइंट किंवा अर्ध्या पाइंटाच्या पटीतच देता येते. यातले दोनतृतीयांशाचे माप 2011 मध्ये आले. अर्धा लिटर मागितला तरी बारवाल्याला तो कायद्याने देता येत नाही. डबे आणि बाटल्यांवर मात्र मिलिलिटरच असतात : 330, 440, 500. काही डबे 568 मिलि.चे निघतात, म्हणजे तो पाइंटच. पबपर्यंत पोचणारा मालही बराचसा लिटरांतच येतो. धातूचा नेहमीचा केग (पिंप) 50 लिटरांचा, म्हणजे साधारण 88 पाइंटांचा. कर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे लागतो आणि ड्राफ्टवरची करसवलत किमान 20 लिटरांच्या पिंपालाच मिळते. ‘एल’ या पारंपरिक बिअरची पिंपे तेवढी अजून गॅलनांत मोजतात. त्यांतले 9 गॅलनांचे फर्किन सर्वांत परिचयाचे. एरवी पाइंट उरला आहे तो नळापासून ओठांपर्यंत.

खरे भांडण तिथेच, फेसावरून आहे. पबमधले ग्लास दोन प्रकारचे. एकावर पाइंटाची रेघ काठाच्या खाली असते, त्यामुळे फेसाला वर जागा राहते. दुसरा काठोकाठ भरला तरच पाइंट होतो. त्यात फेस आला की तेवढी बिअर कमी. या दुसऱ्या प्रकारात किमान 95 टक्के द्रव असावा आणि गिऱ्हाइकाने मागितल्यास वरून भरून द्यावे, असा तिथल्या व्यवसायाचा संकेत आहे. उरलेले 5 टक्के म्हणजे सुमारे 28 मिलि., आपल्याकडच्या स्मॉल पेगपेक्षा जेमतेम कमी. ‘कामरा’ या ग्राहक चळवळीने पूर्ण पाइंटासाठी अनेक वर्षे आवाज उठवला, तो याचसाठी. माप खरे असल्याची खूण म्हणून ग्लासवर मुकुटाचा शिक्का असे. 2006 नंतर त्याची जागा युरोपीय ‘सीई’ खुणेने घेतली आणि ब्रेक्झिटनंतर मुकुटाला पुन्हा मुभा मिळाली.

युरोपीय संघ पाइंट हिरावून घेणार, ही हाकाटी वर्षानुवर्षे चालली. वेष्टनबंद मालाला 1995 मध्ये आणि सुट्या मालाला 2000 मध्ये मेट्रिक सक्तीचे झाल्यावर ती वाढली. प्रत्यक्षात ड्राफ्ट बिअरची सूट संघाच्या निर्देशातच होती, आणि अशा सवलतींना मुदत घालण्याचा विचार युरोपीय आयोगाने 2007 मध्ये सोडून दिला. मुकुटाचा शिक्का गेला एवढीच खरी तक्रार होती.

इतरत्र बदल शांतपणे झाला. जर्मनीतल्या बव्हेरियाचे बिअरचे माप ‘मास’ पूर्वी 1.069 लिटरांचे होते, मेट्रिक आल्यावर ते नेमके एक लिटर झाले. ऑस्ट्रेलियात पाइंट 570 मिलि.चा झाला, साउथ ऑस्ट्रेलियात मात्र ‘पाइंट’ मागितल्यास 425 मिलि. मिळते.

भारताने 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. शेर गेला, तरी दारूच्या बोलीत ‘पावशेर’ आणि ‘नवटाक’ टिकले. मुंबई-पुण्याच्या बारमध्ये ‘एक पाइंट दे’ म्हटले की 330 मिलि.ची छोटी बाटली टेबलावर येते. ब्रिटिश पाइंटाच्या जवळ जाणारी 650 मिलि.ची मोठी बाटली असते, पण तिला कोणी पाइंट म्हणत नाही.