पार्श्वभूमी: आतड्यातल्या जिवाणूंनी प्रतिजैविके कशी पचवली

नागपुरात पावसाळा लागला की जुलाबाचे रुग्ण वाढतात, आणि त्यातले बरेच जण डॉक्टरच्या आधी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातात. नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या दोन-चार गोळ्या स्ट्रिपमधून कापून मिळतात. पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात किंवा आपोआप थांबतात. अशा वेळी ती गोळी रुग्णाच्या कामाची नसते, पण त्याच्या आतड्यात मुकाट्याने राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंवर तिचा मारा होतोच. त्यातले मरायचे ते मरतात आणि प्रतिकार असलेल्यांना जागा मोकळी होते.

हा प्रतिकार जिवाणूंच्या एका जातीतून दुसऱ्या जातीत जातो हे 1959 मध्ये जपानमध्ये कळले. तिथल्या हगवणीच्या शिगेला जिवाणूला चार-चार औषधे लागू पडत नव्हती, आणि ई. कोलायसोबत नुसते एकत्र वाढवल्यावर तो गुण दुसऱ्याकडे पोहोचला. वाहून नेणारे होते प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे गोल कडे.

आपल्याकडची खरी कलाटणी सीटीएक्स-एम-15 या विकराची (एन्झाइमची). 1999 मध्ये दिल्लीत घेतलेल्या नमुन्यांत तो सापडला आणि 2001 मध्ये त्याचे वर्णन छापून आले. सेफोटॅक्झिम, सेफ्ट्रिअॅक्सोनसारखी इंजेक्शने तो निकामी करतो. त्याच प्लाझ्मिडवर अनेकदा आणखी एक जनुक असते, जे नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचा जोर कमी करते. म्हणून जुलाबासाठी घेतलेली नॉरफ्लॉक्सासिन आतड्यात सेफ्ट्रिअॅक्सोनला न जुमानणारे जिवाणू वाढवू शकते. पुढे कधी तेच ई. कोलाय मूत्रमार्गात शिरले, की इंजेक्शन का लागू पडत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. दक्षिण आशियात फिरून परतलेल्या डच प्रवाशांची विष्ठा तपासली तेव्हा चारांपैकी सुमारे तिघांच्या आतड्यात असे विकर बनवणारे जिवाणू नव्याने आलेले होते. ते प्रवासी आजारी असलेच पाहिजेत असे नव्हते. ते वाहक झाले होते.

2010 मध्ये दिल्लीचे नाव लागलेल्या एनडीएम-1 या, मेरोपेनेमसारखी वरची प्रतिजैविकेही निकामी करणाऱ्या विकरावरून मोठा गदारोळ झाला. नावाच्या भांडणात बरीच शक्ती गेली, पण त्या धक्क्यानेच औषधविक्रीच्या नियमांना हात घातला गेला. 2011 च्या मसुद्यात अनुसूची ‘एचएक्स’, म्हणजे औषध नियमांतली एक नवी यादी, सुचवली होती. वरच्या पातळीची काही प्रतिजैविके फक्त मोठ्या रुग्णालयांनाच मिळावीत, किरकोळ दुकानात नकोत, असा तिचा गाभा होता. औषधविक्रेत्यांनी विरोध केला. पण दुसरा आक्षेप वजनदार होता: गडचिरोली किंवा गोंदियाच्या आतल्या गावात न्यूमोनिया झालेल्या बाळाने इंजेक्शनसाठी नागपूर गाठायचे का? मसुदा मागे पडला.

त्याऐवजी 30 ऑगस्ट 2013 ला अनुसूची ‘एच1’ अधिसूचित झाली आणि 1 मार्च 2014 पासून लागू झाली. तिच्यात 46 औषधे होती. प्रतिजैविकांसोबत क्षयरोगाची आणि सवय लावणारीही. दुकानदाराने वेगळी नोंदवही ठेवायची, तिच्यात चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहायची, वही तीन वर्षे सांभाळायची. वेष्टनावर लाल ‘आरएक्स’ आणि लाल चौकटीत इशारा.

खोट यादीतच राहिली. सेफिक्झिम, सेफ्ट्रिअॅक्सोन, मेरोपेनेम, लेव्होफ्लॉक्सासिन आत. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, अॅझिथ्रोमायसिन बाहेर. ती जुन्या अनुसूची ‘एच’मध्ये आहेत. चिठ्ठी त्यांनाही लागते, पण ही खास वही लागत नाही. औषध किती मौल्यवान यावर यादी ठरली. आतड्यावर रोज किती मारा होतो हा निकष लावलाच नाही. जुलाबावर खरे उपाय स्वस्त आहेत: एक लिटर पाण्यात ओआरएसची एक लिटरसाठीची पूर्ण पुडी, आणि सहा महिन्यांवरील मुलाला रोज 20 मिलिग्रॅम जस्त (झिंक), 14 दिवस. पुडी अर्धी वापरली की क्षारांचे प्रमाण बिघडते, आणि जस्त तर जुलाब थांबले की तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बंद होते. प्रतिजैविक रक्ताच्या हगवणीत आणि पटकीत (कॉलऱ्यात), तेही डॉक्टरने ठरवून.

2019 मध्ये खाद्यप्राण्यांत कोलिस्टिन या शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या प्रतिजैविकावर बंदी आली, ती योग्यच. मात्र आपल्या अतिदक्षता विभागांतल्या क्लेब्सिएला या जिवाणूत कोलिस्टिनचा प्रतिकार बहुतांशी जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रातल्या बदलातून येतो, कोंबड्यांच्या खाद्याशी जोडल्या गेलेल्या प्लाझ्मिडवरून नव्हे.

उरतो मैला. नागपुरातले सांडपाणी काही भांडेवाडीच्या शुद्धीकरण प्रकल्पात जाते, तर काही नाग नदीतून कन्हान आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयाकडे. प्रकल्पातून बाहेर पडणारे पाणी तपासताना बीओडी (सेंद्रिय घाणीचे माप) आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या मोजतात. त्या कोलिफॉर्मपैकी किती सेफोटॅक्झिम लावलेल्या चाचणीच्या चकतीभोवतीही वाढतात, हे मोजायची सक्ती नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी 2020 च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या उर्वरित अंशावर मर्यादा घातली होती. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून ती गळाली. शहरांचा आणि रुग्णालयांचा मैला त्या मसुद्यातही नव्हता.