शिक्षणाचे अर्थशास्त्र

शिक्षणावर कुटुंबे आणि शासन करीत असलेला खर्च, त्यापासून होणारा लाभ आणि तो खर्च कोणी सोसावा, या प्रश्नांचा अभ्यास करणारी ही अर्थशास्त्राची शाखा आहे. तिला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९६० नंतर. प्रश्न मात्र जुनेच आहेत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सरकारी महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून उभा राहतो आणि शिक्षणखात्याच्या खर्चाचा फायदा वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, हे दाखवून निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. करभार कोणावर आणि लाभ कोणाला, ही या शाखेतील मूलभूत चौकशी त्या निवेदनात स्पष्टपणे आलेली आहे.

थिओडोर शुल्ट्झ, गॅरी बेकर आणि जेकब मिन्सर यांनी शिक्षणाकडे मानवी भांडवलातील, म्हणजे माणसाच्या ज्ञान-कौशल्यातील, गुंतवणूक म्हणून पाहिले. या गुंतवणुकीत फी आणि वह्या-पुस्तकांबरोबर बुडालेली मजुरीही धरावी लागते. शाळा मोफत असूनही कापूसवेचणीच्या दिवसांत हजेरी का घसरते, याचा उलगडा त्यातून होतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये याला वेगळी बाजू दाखवली. पदवीमुळे माणसाची कार्यक्षमता वाढत नसून ती मुळातच असल्याची खूण मालकाला पटते, असे असेल तर पदवीधराचा फायदा होतो, पण समाजाच्या एकूण उत्पादनात तितकी भर पडत नाही आणि सरकारी अनुदानाचा आधार लंगडा होतो. दोन्ही गोष्टी थोड्याफार खऱ्या असल्याने वाद मिटलेला नाही.

संशोधनातील खरी अडचण मोजणीची आहे. जास्त शिकलेल्यांना जास्त पगार मिळतो हे कोणीही सांगेल. परंतु जास्त शिकणारी मुले बहुधा सुस्थितीतील घरांतून आलेली असतात, त्यामुळे शाळेचे श्रेय किती आणि घराचे किती हे सहज वेगळे करता येत नाही. एस्थर दुफ्लो यांनी त्यासाठी इंडोनेशियाचा आधार घेतला. तेथे १९७३-७४ पासून पाच-सहा वर्षांत साठ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. त्यांचा लाभ मिळण्याइतकी लहान मुले आणि शाळेचे वय उलटून गेलेली मुले यांची जिल्हावार तुलना केल्यावर शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे वेतनात सुमारे ७ ते १० टक्के वाढ आढळली.

शाळेच्या आत काय घडते, यावर मुंबई आणि वडोदरा येथील ‘बालसखी’ प्रयोगाने चांगला प्रकाश टाकला. ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच, जेमतेम दहावी-बारावी झालेल्या तरुणींना अल्प मानधनावर नेमले. तिसरी-चौथीतली अक्षरओळख आणि आकडेमोड यांत मागे पडलेली पंधरा-वीस मुले त्या रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसत. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरवल्यामुळे तुलना विश्वासार्ह झाली. दुसऱ्या वर्षाअखेर गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाइतकी (मुलामुलांच्या गुणांत सर्वसाधारणपणे जो फरक असतो त्याच्या मापात) वाढ दिसली, तरी कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात तिचा मोठा भाग ओसरला. अधिक बोलका निष्कर्ष मात्र दुसराच होता: ही मुले बाहेर गेल्याने वर्गात उरलेल्यांची पटसंख्या घटली, तरी त्यांच्या शिकण्यात फरक पडला नाही. पट कमी केला की शिक्षण सुधारते, हे गृहीतक शिक्षक जसेच्या तसे शिकवत राहिले तर टिकत नाही.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधील शाळांचा अभ्यास केला. १९९० नंतर इंग्रजी शिक्षणाचा आर्थिक मोबदला वेगाने वाढत असतानाही श्रमिक जातींतील मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले, कारण गिरणी-कारखान्यांतल्या नोकऱ्या जातभाईंच्या ओळखीवर मिळत आल्या होत्या. त्या साखळीत मुलींना कधी जागाच नव्हती. म्हणून त्याच घरांतील मुली इंग्रजी माध्यमाकडे लवकर वळल्या.

धोरणाच्या चर्चेत निधीचा आकडा सर्वाधिक जागा अडवतो. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेले राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांचे उद्दिष्ट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पुन्हा सांगितले आणि ते अद्याप गाठलेले नाही. निधी हवाच, पण २००३ च्या पाहणीत पूर्वसूचना न देता दिलेल्या भेटींत देशातील सरकारी प्राथमिक शाळांचे चौथा हिस्सा शिक्षक गैरहजर आढळले होते. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी, १५ टक्के होते. झारखंडात ४२ टक्के. पगारावरचा खर्च हजेरीची हमी देत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांचा वाद याच प्रश्नाची दुसरी कड आहे. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट देणारा महाराष्ट्र शासनाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. आंध्र प्रदेशात सोडतीने खाजगी शाळेत गेलेली मुले तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांइतकीच ठरली, हिंदीत पुढे गेली. खाजगी शाळांचा दरडोई खर्च मात्र एक-तृतीयांशाहून कमी होता. दिल्लीत गौतम राव यांना गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली. गुणपत्रिकेत न उतरणारा असा लाभ खर्चाच्या हिशेबात कसा धरावा, यावर अर्थतज्ज्ञांचे एकमत नाही.